वाईचे घाट आणि त्यांचीं वर्णनें : एक परीक्षण

१

कृष्णाकांठच्या वाई क्षेत्राविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. १८८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियराच्या सातारा खंडांत वाईच्या देवळांचीं टिपणें आहेत. त्यानंतरच्या क्षेत्रवर्णनांत, प्रवासलेखांत, वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत आणि हल्लींच्या माहितीफलकांवर तींच टिपणें थोड्याफार फरकानें फिरत राहिलीं आहेत. या वर्णनांचा एक ठरीव सांचा बनला आहे. आधीं पांडवांची कथा, मग देवळाचें नांव, मग बांधणाऱ्याचें नांव, सन, आणि ठाऊक असल्यास खर्चाचा आंकडा. शेवटीं ‘दक्षिण काशी’ हें बिरुद लावलें कीं प्रकरण संपलें. या सांच्यांत टिकण्याजोगें काय आहे व त्यांतून काय निसटलें आहे, हें पाहावें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, या वर्णनांत देवळें आहेत, दाते आहेत, सनावळी आहे. पण नदी नाहीं. कृष्णा या गांवांतून वाहते, ही गोष्ट पहिल्या वाक्यांत सांगून लेखक पुढें तिचें नांवहि काढीत नाहीं. वस्तुतः येथील प्रत्येक दगड त्या पाण्याशीं कांहीं तरी व्यवहार करण्याकरितां बसविलेला आहे. ही उणीव लेखनापुरती असती तर तिची एवढी चर्चा करण्याचें कारण नव्हतें. परंतु ज्या वस्तूची नोंद होत नाहीं तिची राखणहि कोणी करीत नाहीं, असा अनुभव आहे. म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा.

२

प्रथम पांडवकथेचा विचार करूं. वाई म्हणजे महाभारतांतील विराटनगरी, पांडवांचा अज्ञातवास येथेंच घडला, असें सांगतात, आणि आधार म्हणून जवळच्या पांडवगड व वैराटगड या किल्ल्यांचीं नांवें पुढें करतात. विराटपर्व ज्यानें मुळांतून वाचलें आहे त्यास हें पटणें कठीण. विराट हा मत्स्यांचा राजा. त्याच्या गाई हाकून नेण्यास एकीकडून त्रिगर्तांचा सुशर्मा येतो व दुसरीकडून हस्तिनापुराहून कौरवांची सेना येते. गोधनावरची धाड ही शेजाऱ्यानें शेजाऱ्यावर घालावयाची असते. हस्तिनापुराहून निघालेलें सैन्य विंध्य, नर्मदा, तापी व गोदावरी ओलांडून कृष्णाकांठीं गाई वळावयास आलें, आणि त्या गाई हाकीत त्याच वाटेनें परत न्यावयाचा त्याचा बेत होता, हें कल्पनेंतहि बसत नाहीं. मत्स्य जनपद कुरु व शूरसेन यांच्या शेजारचें. राजस्थानांतील बैराट, जेथें अशोकाचा लेख सांपडला, तेंच विराटनगर असें अभ्यासक सामान्यतः मानतात. शिवाय विराटनगरीचा मान सांगणारें वाई हें एकटेंच गांव नाहीं. कर्नाटकांतील हानगलहि तो मान सांगतें. नामसादृश्य हा पुरावा मानला तर एका विराटास किती राजधान्या द्याव्या लागतील याचा नेम नाहीं.

एवढ्यावरून ती कथा टाकून द्यावी असें आम्ही म्हणत नाहीं. आपलें गांव भारतकथेंत कोठें तरी बसावें ही इच्छा स्वाभाविक आहे, आणि ती इच्छा कशी व्यक्त झाली हाहि इतिहासाचाच विषय आहे. पण ‘वाईची वस्ती किती जुनी’ या प्रश्नास ती कथा उत्तर देऊं शकत नाहीं. तें उत्तर शोधणाऱ्यानें गांवाच्या उत्तरेस थोड्या अंतरावर असलेल्या लोहारे येथील बौद्ध लेण्यांकडे जावें. तेथील एका लेण्यांत आतां पालपेश्वर महादेवाची पूजा होते. डोंगरांत विहार कोरून राहणाऱ्या भिक्षूंस भिक्षेकरितां गांव लागतें, कोरणावळीकरितां दाता लागतो, आणि दात्यास व्यापाराची वाट लागते. म्हणजे वाईच्या खोऱ्यांत नांदती वस्ती आणि घाटाखालीं उतरणारी वाट फार पूर्वींपासून होती, असें अनुमान निघतें. माहितीफलकांवर पांडवांस जेवढी जागा मिळते तिच्या दहाव्या हिश्शानें तरी ती या लेण्यांस मिळावयास हवी होती.

३

दुसरा भाग दात्यांचा. येथें गॅझेटियरकारांचे उपकारच मानले पाहिजेत, कारण त्यांनीं नांवें व सन नोंदले नसते तर आज ‘पेशव्यांनीं घाट बांधले’ एवढेंच वाक्य शिल्लक उरलें असतें. अजूनहि तें वाक्य ऐकूं येतें, आणि तें सैल आहे. वाईच्या प्रमुख देवळांचे कर्ते पेशवे नव्हेत, रास्ते होत. हें घराणें मूळचें गोखल्यांचें. भिकाजी नाईक रास्ते यांची कन्या गोपिकाबाई १७३० सालीं नानासाहेब पेशव्यांस दिली, आणि या सोयरिकीनंतर रास्त्यांचा उत्कर्ष झाला. काशीविश्वेश्वराचें देऊळ आनंदराव भिकाजी यांनीं १७५७ सालीं बांधलें. गणपतीचें, ज्यास लोक ढोल्या गणपति म्हणतात, तें गणपतराव भिकाजी यांनीं १७६२ सालीं. विष्णूचें १७७४ व महालक्ष्मीचें १७७८ सालीं पुन्हां आनंदरावांनीं.

या सनांकडे एकत्र पाहिलें तर एक गोष्ट ध्यानांत येते. चार देवळें एकवीस वर्षांत उभीं राहिलीं, आणि त्या एकवीस वर्षांच्या आरंभीच्याच भागांत पानिपत येतें. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर मराठ्यांचा संहार झाला. त्याच सालीं जून महिन्यांत नानासाहेब वारले. आणि दुसऱ्या सालीं वाईस त्यांच्याच मेहुण्यानें नदीच्या तोंडाशीं हें प्रचंड देऊळ पुरें केलें. त्यास दीड लाख रुपये लागल्याचा अंदाज दिला जातो. एका देवळावरून मोठा सिद्धांत उभारणें योग्य नव्हे. तथापि शाळेंतल्या इतिहासांत पानिपतानंतर जो अंधार दाखविण्याची रीत आहे, त्या अंधारांत कृष्णाकांठीं पाथरवटांच्या छिन्नीचा आवाज चालू होता, एवढें तरी विद्यार्थ्यांस सांगितलें पाहिजे. सनावळीचा असा उपयोग करावयाचा असतो. नुसते सन पाठ करून त्यांतून कांहींच निघत नाहीं, आणि प्रचलित वर्णनें पाठांतरापाशींच थांबलीं आहेत.

४

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. ‘घाट’ हा शब्द संस्कृत ‘घट्ट’ या शब्दापासून आला आहे, व त्याचा अर्थ पाण्यांत उतरण्याची बांधलेली जागा. ‘तीर्थ’ हा शब्द ‘तॄ’ म्हणजे तरणें, पार जाणें या धातूपासून. त्याचा मूळ अर्थ नदीचा उतार, पाण्याशीं जाण्याची वाट. पावित्र्याचा अर्थ मागाहून जडला. या दोन शब्दांतच नदीकांठच्या वास्तूचा क्रम सांगितला आहे. आधीं उतार, मग पायऱ्या, मग त्या पायऱ्यांच्या आश्रयानें देऊळ. आमच्या वर्णनांनीं हा क्रम उलटा केला. देऊळ हाच मुख्य विषय झाला आणि घाट म्हणजे देवळापुढचें अंगण ठरलें.

ढोल्या गणपतीचेंच उदाहरण घ्या. जवळजवळ प्रत्येक वर्णनांत मूर्तीचा आकार सांगितलेला असतो. मूर्ति एका अखंड पाषाणाची, विशाल व भरदार आहे, हें खरेंच. पण या देवळाची खरी करामत पाठीमागें आहे. गाभाऱ्याची मागची भिंत सरळ नाहीं. ती माशाच्या आकाराची, निमुळती होत गेलेली आहे. पुराचा लोट तिच्यावर आला म्हणजे तो अडत नाहीं. दुभंगून दोहों बाजूंनीं निघून जातो. सपाट भिंतीवर पाण्याचा सगळा भार एकदम पडतो, व ती भिंत कितीहि जाड केली तरी पाया उकरला जाण्याची भीति असते. निमुळत्या भिंतीस तो भार वांटून घ्यावा लागत नाहीं. ती त्यास वाट करून देते. होडीची नाळ पाणी कापते तोच हा न्याय. फरक एवढाच कीं येथें नाळ स्थिर आहे व पाणी चालतें.

ज्यानें ही भिंत आंखली त्यास कृष्णेचा स्वभाव ठाऊक होता. महाबळेश्वराच्या डोंगरांतून उतरणारी ही नदी वाईपाशीं अजून लहान आहे. उन्हाळ्यांत पात्रांतून चालत जावें इतकी. पण ज्या डोंगरावर तिचा उगम आहे तेथला पाऊस देशावरचा नव्हे, सह्याद्रीच्या माथ्यावरचा आहे. त्यामुळें वाईंत आभाळ कोरडें असतांनाहि वरून लोट येऊं शकतो. अशा नदीच्या कांठीं देऊळ बांधावयाचें तर दोनच मार्ग : पुरापासून दूर, उंचावर जाणें, किंवा पुरांत उभें राहूनहि टिकणें. रास्त्यांच्या कारागिरांनीं दुसरा मार्ग पत्करला. म्हणून हें देऊळ पाहतांना ‘पूर आला तर काय’ हा प्रश्न विचारणें हीच त्याची खरी ओळख. १७६२ पासून अडीचशेंहून अधिक पावसाळे त्या भिंतीवरून गेले आहेत. खर्चाच्या आंकड्यापेक्षां हा आंकडा अधिक बोलका आहे.

काशीविश्वेश्वराकडे पाहिलें तर दुसरी तऱ्हा दिसते. हें देऊळ तटबंद आवारांत आहे. पुढें दीपमाळा आहेत, आणि काळ्या, तुळतुळीत घोटलेल्या दगडाचा नंदी आहे. नंदीच्या गळ्यांतील घुंगुरमाळा व अंगावरची झूल पाथरवटानें ज्या नाजुकपणें काढिली आहे तिचें कौतुक सर्वांनींच केलें आहे. एकाच घराण्यानें पांच वर्षांच्या अंतरानें बांधलेलीं हीं दोन देवळें शेजारीं शेजारीं ठेवून पाहावीं. एक आवार घालून आंत बसलें आहे, दुसरें पाण्यास सामोरें गेलें आहे. जागा बदलली म्हणून बांधणी बदलली. ‘पेशवेकालीन शैली’ हा एकच शब्द दोहोंस लावून मोकळें होणाऱ्या लेखकांस हा भेद दिसत नाहीं.

५

वाईपासून वर, कृष्णेच्याच कांठीं, मेणवली आहे. हें गांव १७६८ सालीं नाना फडणवीसांस मिळालें, आणि सुमारें १७८० च्या सुमारास तेथील वाडा व घाट झाला. घाटाची आंखणी अर्धचंद्राकृति आहे. नदीच्या वळणास धरून पायऱ्यांचें वळण घेतलें आहे. घाटावर मेणेश्वराचें व विष्णूचें देऊळ आहे. येथेंच ती प्रसिद्ध घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हा सन व बाल येशूसह मरियेची आकृति आहे. चिमाजी अप्पांनीं वसईहून आणलेली घंटा, असें तिच्याविषयीं सांगतात, आणि बहुतेक वर्णनें येथें विजयानंदानें थांबतात.

संशोधकानें येथें थोडें सावकाश चाललें पाहिजे. घंटेवरचा सन हा ओतल्याचा सन आहे. वसई पडली मे १७३९ मध्यें. मेणवली नानांकडे आली १७६८ मध्यें, आणि घाट त्याहूनहि नंतरचा. चिमाजी अप्पा तर १७४० सालींच निवर्तले होते. म्हणजे घंटेच्या आयुष्यांत निदान तीन वेगळे प्रसंग आहेत : ओतणें, लुटींत येणें, आणि या घाटावर टांगणें. लोककथेनें ते तिन्ही एका वाक्यांत कोंबले आहेत. ख्रिस्ती देवळाची घंटा मराठ्यांच्या देवळांत आली हें उत्तर कोंकणच्या मोहिमेशीं जुळणारें आहे, आणि ती कथा मुळांतून खोटी ठरविण्याचें कारण नाहीं. परंतु घंटा वसईहून थेट मेणवलीच्या खांबास येऊन लागली, असा समज करून देणें हा वाचकावर अन्याय आहे. मधलीं तीस-चाळीस वर्षें हाच या घंटेचा इतिहास आहे, आणि तो शोधण्याचें ठिकाण म्हणजे दप्तर. नानांचें मेणवली दप्तर सुदैवानें नष्ट झालें नाहीं; पारसनीसांच्या संग्रहाच्या द्वारें त्याचा मोठा भाग पुण्यास डेक्कन कॉलेजांत आला. घाटावर उभें राहून घंटेचें छायाचित्र काढणाऱ्यांपैकीं एखाद्यानें तरी त्या दप्तराच्या रुमालांकडे वळावें, ही अपेक्षा फार मोठी नाहीं.

६

वर्णनांतून निसटलेली तिसरी गोष्ट म्हणजे माणसें. वाईचा नदीकांठ हा एक घाट नव्हे. तो आळीआळीचा आहे. भीमकुंड, मधली आळी, धर्मपुरी, गणपति आळी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि गंगापुरी या सातहि ठिकाणीं कृष्णाबाईचा उत्सव वेगवेगळ्या तिथींस, ज्या त्या घाटावर होतो. देवीची मूर्ति मंडपांत बसवितात, कीर्तनें होतात, प्रसाद होतो. अफझलखान १६५९ सालीं वाईस तळ देऊन होता, त्या संकटाच्या वेळीं कृष्णामाईस केलेल्या नवसांतून हा उत्सव निघाला अशी परंपरा आहे. परंपरेचा उगम कांहींहि असो, एक गोष्ट तिच्यांत स्पष्ट आहे : येथें नदी हीच देवता आहे आणि घाट हेंच तिचें देऊळ. रास्त्यांनीं बांधलेल्या देवळांचे देव शिव, विष्णु व गणपति. पण आळीआळीनें वर्गणी काढून जिचा उत्सव होतो ती कृष्णाबाई. देवळांची यादी करणाऱ्या लेखकाच्या हातीं ही देवता लागत नाहीं, कारण तिला शिखर नाहीं.

आणि आळी म्हटली कीं दुसराहि प्रश्न येतो : कोणत्या पायरीवर कोणास उतरतां येत होतें? तीर्थ म्हणजे उतार हें खरें; पण जुन्या काळीं तो उतार सर्वांस मोकळा नव्हता. सार्वजनिक पाण्यावर अस्पृश्य मानलेल्यांस मज्जाव असे, आणि त्यासाठीं १९२७ सालीं महाडास चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला, हा अलीकडचा इतिहास आहे. नदीकांठच्या गांवाचें वर्णन करणाऱ्यानें पायऱ्या मोजाव्या तशाच या मर्यादाहि नोंदाव्या. दात्याचें नांव सांगून पाणी भरणाऱ्याचें नांव गाळणें ही इतिहासाची अर्धी बाजू झाली.

७

हें म्हणणें वाईपुरतें नाहीं, हें दाखविण्याकरितां गोदाकांठच्या नाशिकाकडे क्षणभर वळूं. तेथें नदीसह वास्तु वाचण्याची कला लोकांनींच जपली आहे. नारोशंकराच्या देवळाची मोठी घंटा पोर्तुगीज बनावटीची, मेणवलीच्या घंटेचीच भावंड. तीहि वसईहून आल्याचें सांगतात. पण नाशिककर तिचा उल्लेख करतात तो मुख्यतः पुराच्या संदर्भांत. पाणी घंटेला लागलें कीं मोठा पूर, अशी तेथील भाषा आहे. दुतोंड्या मारुतीच्या कोणत्या अंगापर्यंत पाणी चढलें यावरून पुराची पायरी ठरते. कोणा अभियंत्यानें ही मोजपट्टी लावलेली नाहीं. नित्य पाहणाऱ्यांनीं ती ठरविली. काळाराम मंदिराचीहि गोष्ट अशीच. ओढेकरांनीं अठराव्या शतकाच्या अखेरीस तें बांधलें हें सर्व पुस्तकांत आहे. पण २ मार्च १९३० रोजीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं त्याच्या दारांशीं जो सत्याग्रह सुरू झाला, त्याशिवाय त्या दारांचें वर्णन आतां पुरें होऊं शकत नाहीं.

त्याच नाशिकांत उलट उदाहरणहि आहे. रामकुंडाच्या परिसरांतील जुनीं कुंडें सिंहस्थाच्या गर्दीच्या सोयीकरितां काँक्रीटखालीं गेलीं, आणि तें काँक्रीट काढावें म्हणून पुढें नागरिकांस न्यायालयाची पायरी चढावी लागली. देवळें यादींत होतीं, म्हणून तीं वांचलीं. कुंडें व पात्राचा तळ यादींत नव्हता. आमच्या आरंभींच्या विधानाचा याहून स्पष्ट दाखला देतां येणार नाहीं.

वाईस असें होऊं नये असें वाटत असेल तर वेळ थोडा आहे. धोम येथें धरण झाल्यापासून नदीचें वागणें बदललें आहे. पाणी आतां पावसाप्रमाणेंच दरवाजांच्या हिशेबानेंहि चढतें-उतरतें. धरणापूर्वीं कोणत्या महिन्यांत कोणती पायरी बुडे, हें डोळ्यांनीं पाहिलेले लोक अजून आहेत, पण ते आतां उतारवयाचे आहेत. दुसरीकडे चित्रपटांनीं या घाटांस भलतींच नांवें दिलीं आहेत. ‘गंगाजल’ या २००३ सालच्या चित्रपटांत हेंच गांव बिहारांतलें म्हणून उभें आहे. त्यांत वाईट मानण्याजोगें कांहीं नाहीं. पण ज्या घाटाचें नीट वर्णन झालेलें नाहीं तो कोणत्याहि नदीचा म्हणून खपतो, एवढा बोध त्यांतून घ्यावा.

८

तेव्हां पुढील कामाची दिशा स्पष्ट आहे. सातहि घाटांची आळीवार मोजणी करावी : पायऱ्या किती, दगडाचा सांधा चुन्याचा कीं कोरडा, टप्पे कोठें, पाणी काढून देण्याच्या वाटा कोठें. देवळांवरचे व पायऱ्यांवरचे लेख असतील त्यांचे ठसे घ्यावे. पुराच्या खुणा, मग त्या कोरलेल्या असोत कीं आठवणींतल्या असोत, सनासह नोंदाव्या. कोणत्या घाटावर धुणें, कोणत्यावर स्नान, कोणत्यावर क्रियाकर्म चाले, आणि कोणास कोठें मज्जाव होता, हें वृद्धांस विचारून लिहून घ्यावें. हें झाल्यावांचून घाटांवर सिमेंटचा गिलावा, रंगीत फरशी किंवा तेलाचा रंग चढवूं नये. कारण त्या एका थराखालीं कारागिराची खूण आणि पाण्याची खूण दोन्ही एकदम बुजतात.

वाई ही शास्त्राभ्यासाची नगरी. प्राज्ञपाठशाळेनें धर्मकोशासारखें प्रचंड काम येथें बसून केलें, आणि मराठी विश्वकोशाचें कार्यालयहि येथेंच आलें. ज्या गांवांत शब्दांच्या एवढ्या याद्या सिद्ध झाल्या, त्या गांवास आपल्या पायऱ्यांची यादी करणें जड जाऊं नये. गॅझेटियरकारांनीं परक्या देशांत राहून, सरकारी कामाच्या गर्दींत, देवळांपर्यंतचें काम केलें. देवळापासून पाण्यापर्यंतचें अंतर त्यांनीं आपल्यासाठीं ठेविलें आहे. तें फार नाहीं. सात घाटांच्या पायऱ्यांइतकेंच आहे.